दूर बसलेली टीम कशी सांभाळायची: पहिल्यांदाच टीम लीड झालेल्यांसाठी

मार्च २०२० मध्ये ऑफिसातून लॅपटॉप उचलून घरी आलो, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे आठ जणांची टेस्टिंग टीम आली, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. तिघं पुण्यात आणि बाकीचे नाशिक, चिपळूण, नागपूर, मडगाव, हैदराबाद असे आपापल्या घरी. क्लायंटची माणसं लंडन आणि न्यू जर्सीत. आठांपैकी चौघांना मी तोवर एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

पहिले चार महिने मी ऑफिसात जे करत होते तेच फोनवरून करत राहिले. दिवसातून सहा-सात फोन, "झालं का?", "कुठपर्यंत आलंय?", "ऑनलाइन दिसत नाहीयेस?" त्या काळात एका मुलीने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माझं काम कुठवर आलंय ते विचारायचंय की मी जागेवर आहे का ते बघायचंय, हे मला कधी कळलंच नाही." मला त्यावर उत्तर देता आलं नाही. पुढे जे काही शिकले, ते तिच्या त्या वाक्यापासून.

ऑफिसात निम्मी माहिती न सांगता पसरते. चहाला गेल्यावर, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडल्यावर, कुणाचा उतरलेला चेहरा दिसल्यावर. टीम दूर असली की ही निम्मी माहिती कुणीतरी मुद्दाम पोचवावी लागते, आणि ते काम लीडचं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. माझा अनुभव सॉफ्टवेअरचा आहे, पण अकाउंट्स, डिझाइन, भाषांतर, ग्राहकसेवा अशा कामांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

## आधी हाताशी काय हवं

कागदपत्रं आणि याद्या:

- टीमच्या नियमांचं एक पान (पायरी २)
- संपर्कयादी: प्रत्येकाचा फोन, घरच्या एका माणसाचा फोन, आणि त्याच गावातल्या पण दुसऱ्या घरातल्या एका माणसाचा फोन
- सुट्ट्यांचं एकत्र कॅलेंडर
- निर्णयवही, म्हणजे सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट
- कुणाकडे कोणता लॅपटॉप, कोणता टेस्टिंगचा फोन, याची यादी आणि पोच
- कुणाला कशाकशाचा ॲक्सेस आहे, याची यादी

साधनं:

- कामाची तिकिटं, म्हणजे प्रत्येक कामाची एकेक नोंद, ठेवायला एक जागा (जिरा, ट्रेलो, काहीही)
- चॅट (स्लॅक, टीम्स)
- व्हिडिओ कॉल (मीट, झूम)
- सामायिक फाइली (गूगल डॉक्स किंवा कंपनी देईल ते)
- पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सुरक्षित ठेवणारं ॲप)

छोटी कंपनी असेल तर बहुतेक साधनं फुकटात सुरू करता येतात, पण मर्यादा माहीत करून घ्या. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटांत. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसेनासे होतात. शेवटची मर्यादा सगळ्यात धोक्याची, कारण ती लागल्याचं लगेच लक्षात येत नाही. "हे आपण जूनमध्ये ठरवलं होतं" असं ऑक्टोबरमध्ये म्हणायला गेलात की दाखवायला काही नसतं.

## १. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी स्वतंत्र बोला

अर्धा-पाऊण तास, कामाचा विषय न काढता. फॉर्म भरून घेऊ नका. फॉर्ममध्ये सगळेच "काही अडचण नाही" लिहितात. हे प्रश्न विचारा:

- कुठे बसून काम करता? खोली स्वतंत्र आहे की हॉलमध्ये?
- घरात आणखी कोण असतं? लहान मूल, आजारी माणूस?
- नेट कुणाचं आहे? बंद पडलं तर दुसरी सोय?
- वीज कोणत्या वाराला जाते?
- दिवसातली सगळ्यात शांत वेळ कोणती?
- फोन कधी केलेला चालत नाही?

नाशिकची सहकारी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी गायब असायची. आधीच्या लीडने तिच्याबद्दल "बेभरवशाची" असं मला सांगून ठेवलं होतं. बोलताना कळलं की त्या दोन दिवशी सासऱ्यांना डायलिसिसला न्यायला घरात दुसरं कुणी नाही. आम्ही तिच्या कॅलेंडरवर "मंगळ, शुक्र १ ते ५ उपलब्ध नाही" एवढंच लिहिलं, त्यामागचं कारण लिहिलं नाही. ती ते तास सकाळी सात ते नऊ आणि रात्री भरून काढायची. पुढच्या दोन वर्षांत तिच्या हातून एकही तारीख चुकली नाही.

घरची जी गोष्ट तुमच्याजवळ कुणी बोललं, ती तुमच्याजवळच राहिली पाहिजे. शीटमध्ये फक्त वेळ लिहा.

## २. नियमांचं एक पान बनवा

एकच पान. दोन पानं कुणी वाचत नाही. आमच्या पानावर चार गोष्टी होत्या.

सामायिक वेळ: सकाळी ११ ते १ आणि दुपारी ४ ते ६.३०. या साडेचार तासांत सगळे सापडले पाहिजेत. बाकीचे तास ज्याचे त्याने ठरवायचे.

कुठे काय बोलायचं: आग लागली असेल तर फोन. आजच्या आज हवं असेल तर चॅट. कामाबद्दलचं सगळं तिकिटात. काही ठरलं की निर्णयवहीत. व्हॉट्सॲप फक्त "वीज गेली", "ताप आहे, आज येत नाही" एवढ्यासाठी.

उत्तर किती वेळात: चॅटला सामायिक वेळेत दोन तासांत, ईमेलला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

रात्री आठनंतर: कुणाला मेसेज गेला तरी उत्तर अपेक्षित नाही. लीडला रात्री काही सुचलं तर त्याने मेसेज लिहून सकाळी दहाची वेळ लावून ठेवायची. चॅट आणि ईमेल दोन्हींत ही सोय असते. लीडचा रात्री साडेदहाचा "सावकाश बघ, घाई नाही" असा मेसेज ज्युनिअर माणूस साडेदहालाच बघतो, आणि मग त्याला झोप लागत नाही.

खड्डा: कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप. सोपा वाटतो, म्हणून सगळे तिथेच सुरुवात करतात. मग क्लायंटचा स्क्रीनशॉट, वाढदिवसाचे केक, कुणाच्या गावची यात्रा आणि रिलीजची (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडण्याची) तारीख एकाखाली एक येतात. तारीख शोधायला पाच मिनिटं वर सरकत बसावं लागतं. शिवाय कामाची माहिती प्रत्येकाच्या खासगी फोनवर पडून राहते, माणूस नोकरी सोडून गेल्यावरसुद्धा.

## ३. काम लिहून द्या

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

ऑफिसात "पेमेंटचं पेज एकदा बघून घे ना, अर्जंट आहे" असं म्हटलं तरी चालून जातं, कारण समोरचा लगेच दोन प्रश्न विचारतो. दूर बसलेला विचारत नाही. त्याला वाटतं, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. तो अंदाजाने काम करतो आणि दोन दिवसांनी तुम्हाला नको असलेली गोष्ट नीट तयार करून देतो.

तेच काम असं लिहा:

"पेमेंट पेज, फक्त अँड्रॉइडवर. यूपीआय आणि कार्ड दोन्ही. रक्कम भरून मागे आल्यावर रक्कम तशीच राहते का, ते तपासायचं. आयफोन आत्ता नको. गुरुवार दुपारी ४ पर्यंत. सापडलेले बग तिकिटात, स्क्रीनशॉटसह. शुक्रवारी सकाळी रिलीज आहे, म्हणून गुरुवारची वेळ. अडलं तर बुधवारी संध्याकाळपर्यंत मला सांग."

लिहायला चार मिनिटं लागतात. काय करायचं, काय करायचं नाही, कधीपर्यंत, पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, घाई का आहे आणि अडल्यावर कधी सांगायचं, एवढं सगळं त्यात आलं. "काय करायचं नाही" हे बहुतेक जण विसरतात. आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जायचा. "घाई का" हेही टाळू नका. कारण माहीत असलं की माणूस स्वतःच्या डोक्याने निर्णय घेऊ शकतो. रिलीज पुढे गेली असं त्याच्या कानावर आलं तर तो रात्री जागत बसणार नाही.

आता "बघतो"बद्दल. आपल्याकडे काम सांगितल्यावर येणारी उत्तरं ठरलेली असतात: "बघतो", "करतो", "होऊन जाईल", "टाकतो आज-उद्या". समोरासमोर असलो की यातला फरक आवाजावरून, मान हलवण्यावरून कळतो. "होऊन जाईल" म्हणताना डोळे दुसरीकडे गेले तर ते होणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. चॅटवर मात्र चारही शब्द सारखेच दिसतात. मी वर्षभर "बघतो"चा अर्थ "करतो" असा घेत राहिले. चिपळूणच्या सहकाऱ्याच्या लेखी मात्र त्याचा अर्थ होता "जमतंय का ते पाहून सांगतो". दोघंही खरं बोलत होतो आणि काम पडून राहत होतं.

मग आम्ही एक सवय लावली. "बघतो" म्हणायला बंदी नाही, पण त्यापुढे वेळ लिहायची. "बघतो, दुपारी तीनपर्यंत सांगतो." "करतो, उद्या संध्याकाळी." नुसता अंगठा आला तर मी परत विचारायचे, "अंगठा म्हणजे वाचलं की घेतलं?" सुरुवातीला हे जाचक वाटतं. तीन आठवड्यांत अंगवळणी पडतं, आणि मग दिवसाचे सहा फोन आपोआप थांबतात, कारण विचारण्यासारखं काही उरत नाही.

"नाही जमणार" हा शब्द ऐकायचा असेल तर तुमच्या टीमला तो न घाबरता म्हणता आला पाहिजे. कुणी पहिल्यांदा "गुरुवारपर्यंत होणार नाही, सोमवार लागेल" असं लिहील, तेव्हा तुम्ही काय उत्तर देता ते सगळे वाचत असतात. त्या दिवशी "आधी सांगितलंस ते बरं झालं" असं लिहा, आणि मनापासून लिहा.

निर्णयवहीत चार रकाने पुरतात: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कुणी ठरवलं. कॉलवर काही ठरलं की कॉल संपायच्या आत ओळ लिहून मोठ्याने वाचायची. वाचताना निम्म्या वेळा कुणीतरी म्हणतं, "अहो, मला वेगळंच वाटलं होतं."

## ४. मीटिंग कमी करा, पण रोजची एक ठेवा

रोज सकाळी ११.१५ ला पंधरा मिनिटं. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय संपलं, आज काय घेतलंय, कुठे अडलंय. चर्चा लांबली की "तुम्ही दोघं नंतर बोला" म्हणून पुढे जायचं. ज्याची वीज गेली असेल त्याने त्याच तीन ओळी चॅटवर टाकायच्या.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. कुणाच्या मागे घरातली माणसं जेवत असतात, कुणाच्या भिंतीला ओल आलेली असते, कुणाचं नेट कॅमेरा सुरू केला की आवाज सोडतं. आठवड्यातून एकदा, सोमवारी, जमेल त्याने चेहरा दाखवायचा असं आम्ही ठरवलं. हळूहळू सगळे दाखवायला लागले.

भाषेचा एक मुद्दा मला उशिरा कळला, म्हणून मुद्दाम सांगते. आठांपैकी सात जणांना मराठी येत होतं. मडगावचा कोकणी बोलायचा, पण मराठी त्याला सहज समजे. हैदराबादच्या सहकाऱ्याला मात्र येत नव्हतं. कॉल इंग्रजीत सुरू व्हायचा, वाद रंगला की सगळे नकळत मराठीवर यायचे आणि तो गप्प व्हायचा. सहा महिने मी त्याला "शांत स्वभावाचा" समजत होते. नंतर नियम केला: आठही जण कॉलवर असले की सगळ्यांना समजेल त्या भाषेत, दोघं-तिघं असतील तर मनाला येईल त्या भाषेत. पुढच्याच महिन्यात रिलीजच्या यादीतल्या तीन मोठ्या चुका त्यानेच दाखवल्या.

## ५. घड्याळं आणि सुट्ट्या

आपली वेळ वर्षभर एकच असते, त्यामुळे परदेशातली घड्याळं पुढे-मागे होतात हे लक्षात राहत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे.

न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. न्यू जर्सीतली सकाळी ९.३० ची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ८ ला असते, उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला. सोमवारी, १५ मार्च २०२१ ला आम्ही सगळे आठ वाजता वेळेवर येऊन बसलो. क्लायंट सात वाजता येऊन, वीस मिनिटं थांबून निघून गेला होता.

मार्चमध्ये अमेरिकेचं घड्याळ बदललेलं आणि ब्रिटनचं बदलायचं, असे दोन-तीन आठवडे येतात. तेव्हा न्यू जर्सीच्या साडेनऊला लंडनमध्ये अडीचऐवजी दीड वाजलेला असतो आणि तिथली माणसं जेवायला गेलेली असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस तसाच एक आठवडा येतो.

उपाय सोपा आहे. कॅलेंडरवर मीटिंग कोणाच्या वेळेला बांधायची ते एकदा ठरवा (आम्ही न्यू जर्सीच्या वेळेला बांधली), आमंत्रण त्याच टाइम झोनमध्ये तयार करा आणि वर्षातले हे चार रविवार टीमच्या कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवा.

सुट्ट्यांचं कॅलेंडर जानेवारीतच करा, आणि ते सरकारी यादीवरून न करता माणसांना विचारून करा. गौरी-गणपतीत चिपळूणचा माणूस मिळणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला तान्हा पोळा आणि मारबत असते, तेव्हा तिथला सहकारी निम्मा दिवस मागतो. गोव्यात ३ डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्ताची सुट्टी आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिन. तेलंगणात २ जूनला राज्याचा स्थापना दिन. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, आणि त्या आठवड्यात क्लायंटकडून काहीच उत्तर येत नाही. सगळं एका पानावर आलं की रिलीज कुठे ठेवू नये ते लगेच दिसतं.

## ६. वीज, नेट आणि पाऊस

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. गावागावांत वार वेगळे असतात, ते विचारून घ्या आणि त्या वाराला त्या माणसाकडून क्लायंटला डेमो ठेवू नका. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते, हे वीज गेल्यावरच आठवतं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो कंपनीच्या खर्चात बसवून घ्या. घरचं नेट ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम मोबाइलमध्ये असेल तर दोन्ही एकदम जायची शक्यता असते. हॉटस्पॉटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवायला सांगा आणि त्याचे पैसे द्या.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आमचा सहकारी सकाळी साडेसहाला "पाणी वाढतंय, वरच्या मजल्यावर जातोय" एवढं लिहून बंद झाला. पुढचे दोन दिवस त्याचा फोन लागला नाही. माझ्याकडे त्याचा एकच नंबर होता. घरच्यांचा एचआरकडे होता, तो मिळायला दुपार झाली, आणि तोही त्याच घरातला असल्याने बंदच. दोन दिवस आम्हाला तो जिवंत आहे की नाही एवढंसुद्धा माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या मामांनी कराडहून फोन केला.

संपर्कयादीत तिसरा नंबर, दुसऱ्या घरातल्या माणसाचा, मी वर घातला तो यासाठी.

त्याचा लॅपटॉप चिखलात गेला होता. अकरा दिवसांच्या टेस्ट स्क्रिप्ट (काय, कसं तपासायचं ते लिहिलेल्या फाइली) फक्त त्यावर होत्या. तो परत उभा राहत असताना आम्ही त्याला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, नागपूरच्या सहकाऱ्याने सगळं पुन्हा लिहिलं. नंतर दोन नियम कायमचे आले. दिवस संपताना अर्धवट असलं तरी काम सामायिक जागेत टाकायचं. आणि प्रत्येक कामाची माहिती किमान दोघांना असली पाहिजे. महिन्यातून एकदा जोडीदाराने पहिल्याचं काम अर्धा दिवस करून पाहायचं. कुठे माहिती अपुरी आहे ते त्या अर्ध्या दिवसात कळतं.

पासवर्डही कुणा एकाच्या डायरीत किंवा व्हॉट्सॲपवर नकोत. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर वापरा.

## ७. माणसावर पाळत ठेवू नका

दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारी, माउस हलतोय का ते मोजणारी सॉफ्टवेअरं मिळतात. ओळखीच्या एका लीडने ती लावली. महिन्याभरात टीमने माउस हलवत ठेवायच्या युक्त्या शोधल्या. वाचायला, विचार करायला वेळ लागतो, तेव्हा माउस हलत नाही. म्हणजे विचार करणाराच पकडला जातो.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला होता. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे दोन आकडे सगळे सांगतात. मला त्यातल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड असलेल्यांनाच त्यात घेतलं होतं. आपल्या टीममध्ये किती जणांकडे स्वतंत्र खोली आहे ते आधी पाहा. दुसरी, घरून काम करणाऱ्यांचं काम चांगलं असूनही त्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. जो डोळ्यांसमोर नाही, त्याचं नाव बढतीच्या वेळी कुणाला आठवत नाही.

पाहायचंच असेल तर आठवड्याचं काम पाहा. आणि या खुणा: जो आधी बोलायचा तो गप्प झालाय, तिकिटं शेवटच्या दिवशीच हलतायत, मेसेज रात्री दोनला येतायत. यातलं काही दिसलं तर फोन करा आणि कामाआधी माणसाची चौकशी करा.

## ८. दर पंधरा दिवसांनी एकेकाशी बोला, आणि लिहून ठेवा

अर्धा तास, ठरलेल्या वारी. हा कॉल रद्द करू नका. सलग दोनदा रद्द झाला की समोरच्याला त्याचा अर्थ कळतो. "कसं चाललंय?" विचारलंत तर "मस्त" असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: "गेल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात वाया गेला?" "मी केलेली कोणती गोष्ट तुला अडचणीची झाली?" दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळायला मला पाच महिने लागले.

कौतुक सगळ्यांसमोर लिहून करा. चूक दाखवायची असेल तर फोन उचला. चॅटवरची एक ओळ माणूस दहा वेळा वाचतो आणि दर वेळी ती जास्त कडक वाटते.

प्रत्येकाच्या नावाची एक फाइल ठेवा आणि महिनाअखेरीस त्यात तीन ओळी लिहा: काय चांगलं केलं, कुठे मदत लागली, काय नवीन शिकला. अप्रायझलच्या वेळी पुण्यातले जे ऑफिसात दिसतात त्यांचीच कामं वरिष्ठांना आठवतात. नागपूरच्या सहकाऱ्याच्या बढतीचा विषय निघाला तेव्हा "तो काय करतो नक्की?" असा प्रश्न आला. माझ्याकडे चौदा महिन्यांच्या बेचाळीस ओळी होत्या. त्याला बढती मिळाली.

## ९. नवीन माणूस आला की

लॅपटॉप रुजू व्हायच्या तीन दिवस आधी घरी पोचला पाहिजे. पहिला दिवस कुरिअरची वाट बघण्यात गेला तर त्या घरात "ही कंपनी खरी आहे ना?" असं आई-वडील विचारतात, हे मी प्रत्यक्ष ऐकलंय. ॲक्सेस आधीच मागून ठेवा. पहिल्या आठवड्याची यादी वार लावून लिहा. तिसऱ्या दिवसापर्यंत एक छोटं, खरं काम द्या.

लीडशिवाय एक जोडीदार नेमून द्या, वयाने जवळचा. कॉलेजमधून नुकताच आलेला मुलगा "मॅडम"ला प्रश्न विचारत नाही, पण दादा किंवा ताई म्हणता येईल अशा कुणाला विचारतो. पहिला महिना दोघांनी रोज वीस मिनिटं कॉलवर बसायचं.

## १०. कायद्यातल्या दोन गोष्टी माहीत असू द्या

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरून काम करतानाही विसरायचा नाही. त्यातली कामाच्या ठिकाणाची व्याख्या ऑफिसच्या भिंतींपुरती नाही, घराचाही त्यात उल्लेख आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. समितीतल्या सदस्यांची नावं नियमांच्या पानावर लिहा. रात्री अकराला "सहज" केलेले व्हिडिओ कॉल, कॉलवर दिसण्याबद्दलची शेरेबाजी यांची तक्रार आली तर "अरे, तो तसाच आहे" म्हणून मिटवायला जाऊ नका. समितीकडे द्या.

दुसरी गोष्ट प्रसूती रजेची. २०१७ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर दोघांनी मिळून ठरवलेल्या अटींवर घरून काम करता येतं. बऱ्याच मुलींना हे माहीत नसतं आणि त्या राजीनामा देतात. तुम्ही स्वतःहून सांगा.

## ११. वर्षातून दोनदा भेटा

पावसाळा टाळून. एक दिवस कामाचा, एक दिवस काहीच न ठरवलेला. प्रवास आणि राहण्याचा खर्च कंपनीने करायचा, हे आधी लेखी घ्या. आम्ही फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिल्यांदा पुण्यात भेटलो. हैदराबादचा सहकारी सहा फूट उंच आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांनंतर चॅटवरचे गैरसमज खूप कमी झाले, कारण आता प्रत्येक ओळ ओळखीच्या आवाजात वाचली जायची.

## १२. कुणी सोडून जात असेल तर

नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात कामाची माहिती जोडीदाराला द्यायला सुरुवात करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ॲक्सेसची यादी समोर ठेवून शेवटच्या दिवशी संध्याकाळी एकेक बंद करा. सामायिक पासवर्ड त्याच दिवशी बदला. लॅपटॉप परत पाठवायला खोका आणि कुरिअरची सोय कंपनीने करायची. तो पोचला की यादीत नोंद करून माणसाला पोच पाठवा, कारण त्यावर त्याचा हिशोब आणि रिलीव्हिंग लेटर अडकून राहतं.

निरोपाचा कॉल मात्र याच्याशी जोडू नका. तो आदल्या दिवशी ठेवा, सगळ्यांच्या सोयीच्या वेळी, अर्धा तास. प्रत्येकाला त्याच्याबद्दल एक आठवण सांगायला सांगा.